कयाक, पाणमांजर आणि मुंबईहून निघालेली दोन जहाजं

दक्षिण अलास्कात ऐयालिक नावाचा एक उपसागर आहे. तिथे पेडर्सन हिमनदीच्या समोर, झाडीत लपलेलं एक लॉज आहे. तिथपर्यंत रस्ता जात नाही. स्युअर्ड नावाच्या बंदरगावातून बोटीत बसायचं, दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि चालत लाकडी खोल्यांपर्यंत पोचायचं. सकाळी न्याहारी झाली की पाहुणे गमबूट आणि लाइफ जॅकेट चढवतात, लांबट निमुळत्या होडीच्या भोकात पाय सरकवून बसतात आणि पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवतीचं आवरण होडीच्या कडेला ताणून अडकवतात. मग गाइडच्या मागे वल्हवत निघायचं. बर्फाच्या तुकड्यांवर सील पहुडलेले असतात, कड्यांवर पफिन असतात, नशीब असेल तर लांबवर ओर्काचा काळा पर दिसतो. आणि पाण्यावर उताणं पडून, पोटावर पिल्लू घेऊन तरंगणारं समुद्री पाणमांजर म्हणजे सी ऑटर तर हमखास दिसतं.

असलं रील तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. दोन पाणमांजरं पंजात पंजा घालून झोपलेली, आणि मागे पिवळ्या कयाकचं टोक. आपण ‘ऑऽऽ’ म्हणतो आणि पुढे सरकतो.

त्या रीलमध्ये योगायोगाने शेजारी आलेल्या दिसतात त्या दोन गोष्टींची, म्हणजे त्या होडीची आणि त्या प्राण्याची, ओळख फार जुनी आहे. त्या ओळखीत दीडशे वर्षं अशी गेली की ऐकणाऱ्याला ते रील पुन्हा पूर्वीसारखं पाहता येत नाही. आणि त्या गोष्टीत एके ठिकाणी आपली मुंबईही येते.

अंगाच्या मापाची होडी

आधी होडी.

‘कयाक’ हा शब्द इनुइट लोकांचा. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत आर्क्टिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने राहणाऱ्या लोकांनी हजारो वर्षं ही होडी वेगवेगळ्या घडणीत बनवली. अलास्काच्या नैऋत्येला अल्यूशन बेटांची लांबलचक माळ आहे. तिथले उनांगान लोक तिला ‘इकयाख’ म्हणत. पूर्वेला कोडियाक बेट आणि कीनायचा किनारा हा सुगपियाक लोकांचा मुलूख, त्यांचीही अशीच होडी होती. पुढे रशियन आले आणि त्यांनी या सगळ्या लोकांना सरसकट ‘अल्यूट’ म्हटलं आणि सगळ्या होड्यांना ‘बायदार्का’.

अल्यूशन बेटांवर झाडं नाहीत. वारा इतका की झाड टिकत नाही. होडीसाठी लागणारं प्रत्येक लाकूड समुद्रच आणून द्यायचा. दूरच्या नद्यांमधून वाहत आलेले ओंडके किनाऱ्याला लागायचे, ते वेचून, तासून सांगाडा व्हायचा. सांध्यांमध्ये हाडाचे छोटे तुकडे बसवत, म्हणजे लाटेवर होडी वाकली तरी लाकूड लाकडावर घासू नये. सांगाड्यावर सी लायनचं कातडं ताणून चढवायचं. कातडं शिवणं हे बायकांचं काम, आणि ते सगळ्यांत नाजूक. पाण्याचा थेंब आत येणार नाही अशी टाक्यावर टाका शिवण. टाका चुकला तर नवरा किंवा भाऊ परत येणार नाही, इतका साधा हिशोब. सी लायनच्या आतड्याच्या पट्ट्या जोडून अंगरखा शिवला जायचा. तो हलका असायचा आणि त्यातून पाणी आत शिरत नसे. अंगरख्याचं टोक होडीच्या भोकाला बांधलं की माणूस आणि होडी एकच. आज लॉजवर पाहुण्याच्या कमरेला अडकवतात ते आवरण याच कल्पनेचा सिंथेटिक वंशज.

होडी बाजारात मिळत नसे. ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाची असायची, शिंप्याकडच्या सदऱ्यासारखी. मुलगा लहान असतानाच त्याच्या खांद्यांना, पाठीला, पायांना ताण देऊन तासन्‌तास पाय पसरून बसायची सवय लावली जायची.

ही सगळी मेहनत होती ती एका गोष्टीसाठी: आवाज न करता प्राण्याच्या जवळ जाता यावं. कयाक पाण्यात खोल बसते, कमी दिसते, आणि कातड्यावर लाट आपटली तरी तिचा आवाज लाकडी होडीसारखा घुमत नाही. सील, सी लायन, पाणमांजर, प्रसंगी देवमासाही, या होडीतून भाला फेकून मिळवलेल्या शिकारीवर गावं जगत. पाणमांजराच्या शिकारीत अनेक होड्या मिळून रिंगण करत. पाणमांजराने बुडी मारली की ते कुठे वर येईल याचा अंदाज घेत थांबायचं, वर आलं की पुन्हा हुसकायचं. दर बुडीला त्याचा दम कमी होत जायचा, रिंगण लहान होत जायचं.

ते मारत होते यात शंका नाही. पण गावाला लागेल तितकं मारत होते, आणि समुद्रात पाणमांजरं शिल्लक होती. जपानच्या उत्तरेकडच्या बेटांपासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत अर्धचंद्रासारख्या पसरलेल्या किनाऱ्यावर दीड ते तीन लाख पाणमांजरं असावीत असा अंदाज आहे.

दहा तासांचा किनारा

१७४१ च्या जूनमध्ये विटस बेरिंगच्या नेतृत्वाखाली दोन रशियन जहाजं कामचाट्काहून पूर्वेला निघाली. पलीकडे अमेरिका आहे का, असली तर किती लांब, हे पाहायचं होतं. बेरिंगच्या जहाजावर गेओर्ग श्टेलर हा बत्तीस वर्षांचा जर्मन निसर्गअभ्यासक होता. जुलैत त्यांना बर्फाने झाकलेले उंच डोंगर दिसले. पाणी भरून घेण्यासाठी जहाज एका बेटाजवळ थांबलं आणि श्टेलरला किनाऱ्यावर जेमतेम दहा तास मिळाले. वर्षानुवर्षांची तयारी आणि हातात दहा तास, याचा त्याला आयुष्यभर संताप होता. पण त्या दहा तासांत त्याला एक निळा, तुरेदार पक्षी मिळाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अशाच एका निळ्या पक्ष्याचं चित्र त्याने पुस्तकात पाहिलं होतं. त्यावरून त्याने ओळखलं, आपण अमेरिकेत आहोत. त्या बेटाला पुढे रशियनांनी त्याच्या आकारावरून ‘कयाक बेट’ नाव दिलं. आजही ते तेच आहे.

परतीच्या वाटेवर जहाज भरकटलं. स्कर्व्हीने माणसं मरू लागली. नोव्हेंबरात ते एका निर्मनुष्य बेटावर आदळलं. बेरिंग तिथेच डिसेंबरात मेला. उरलेल्यांनी हिवाळा काढला तो प्रामुख्याने पाणमांजरांचं मांस खाऊन. माणूस म्हणजे काय हे या पाणमांजरांना ठाऊक नव्हतं. ती पळतही नव्हती. श्टेलरने त्या हिवाळ्यात त्यांच्याबद्दल खूप लिहून ठेवलं. आई पिल्लाला कशी खेळवते, आणि पिल्लू हिरावलं तर माणसासारखी कशी रडते, झुरते, हेही त्याने नोंदवलं. त्याच बेटाच्या उथळ पाण्यात त्याला एक प्रचंड, संथ, समुद्री गवत खाणारा प्राणी भेटला. पंचवीस-तीस फूट लांब, अनेक टन वजनाचा. त्याला आज श्टेलरची समुद्रगाय म्हणतात.

१७४२ मध्ये मोडक्या जहाजाच्या लाकडांतून नवी होडी बांधून ही माणसं कामचाट्काला परतली तेव्हा त्यांच्यासोबत पाणमांजरांची शेकडो कातडी होती. ती कातडी पाहून बंदरातल्या व्यापाऱ्यांचे डोळे विस्फारले.

कारण त्या फरसारखं दुसरं काही नाही. सील किंवा देवमाशाला थंडीपासून वाचवायला चरबीचा जाड थर असतो. पाणमांजराला तो नसतो. त्याची सगळी भिस्त केसांवर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दीड लाखापर्यंत केस, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डोक्यावर असतात त्याहून जास्त. कुठल्याही सस्तन प्राण्यात सर्वांत दाट. चीनमधल्या श्रीमंतांना हा फर अंगरख्यांच्या काठाला हवा होता आणि ते त्यासाठी वाटेल तो भाव देत होते.

पुढच्याच वर्षी, १७४३ मध्ये, पहिलं शिकारी पथक बेरिंग बेटाकडे गेलं. मग रांगच लागली. जाता जाता समुद्रगायी मारून मांसाची बेगमी करायची आणि पुढे जायचं. १७६८ पर्यंत समुद्रगाय संपली. विज्ञानाला तिची ओळख झाल्यापासून अवघ्या सत्तावीस वर्षांत.

ओलीस

पाणमांजर मात्र सहजासहजी मिळेना. बेरिंग बेटावरची भोळी पाणमांजरं संपल्यावर उरली ती उघड्या समुद्रातली, केल्पच्या पाणवनस्पतींत झोपणारी, चाहूल लागताच बुडी मारणारी. त्यांच्यापर्यंत आवाज न करता पोचेल अशी होडी रशियनांकडे नव्हती, तसं कसबही नव्हतं. दोन्ही होतं ते उनांगान लोकांकडे.

मग सोपा मार्ग निघाला. बेटावर उतरायचं, गावच्या पुढाऱ्यांची मुलं-माणसं ओलीस धरायची आणि पुरुषांना सांगायचं: कातडी आणा, मग सोडू. कधी हे थोड्या मण्यांच्या, तंबाखूच्या मोबदल्यात चालायचं, कधी बंदुकीच्या धाकावर. लोकांनी गुमान ऐकलं असं नाही. १७६३ च्या हिवाळ्यात अल्यूशनच्या पूर्वेकडच्या फॉक्स बेटांवर उनांगानांनी उठाव केला आणि चार रशियन जहाजांची वासलात लावली. त्याचा सूड पुढची दोन-तीन वर्षं चालला. गावं जाळली, आणि होड्या फोडल्या. होडी फोडणं म्हणजे काय हे इथवर वाचलेल्याला सांगायला नको. होडी नसलेलं गाव हिवाळ्यात उपाशी मरतं.

१७८४ च्या ऑगस्टमध्ये ग्रिगोरी शेलिखोव हा व्यापारी कोडियाकला पोचला. तिथले सुगपियाक लोक बायकामुलांसह अवाउक नावाच्या एका खडकाळ बेटकुळीवर आश्रयाला गेले. किनाऱ्यापासून तुटलेला, उंच कड्यांचा तो खडक शत्रूपासून बचावासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरातला. शेलिखोवच्या माणसांनी त्यावर तोफा डागल्या. शेकडो माणसं मेली. आकडा किती यावर आजही वाद आहे. १८५१ मध्ये आर्सेंती अमिनाक या कोडियाकच्या म्हाताऱ्याने ती हकीकत एका फिनिश अभ्यासकाला सांगितली, म्हणून ती त्या बाजूनेही कागदावर उतरली. त्या जागेच्या नावाचा अर्थ ‘बधिर होणं’ असा सांगतात.

१७९९ मध्ये झारने रशियन-अमेरिकन कंपनीला सनद दिली. आपल्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. इकडे ईस्ट इंडिया कंपनी, तिकडे ही. व्यापारी कंपनीच सरकार. कंपनीचा व्यवस्थापक बारानोव्ह शेकडो बायदार्कांचे तांडे दूरदूर पाठवू लागला. जवळची पाणमांजरं संपली की पुढचा उपसागर. सुगपियाक आणि उनांगान पुरुष घरापासून शेकडो मैलांवर, महिनोन्‌महिने. १७९९ मध्येच सिटकाकडून परतताना एका सामुद्रधुनीत भुकेल्या शिकाऱ्यांनी शिंपले खाल्ले. ते विषारी निघाले. शंभराहून जास्त माणसं मेली. त्या जागेला आजही इंग्रजीत ‘पेरिल स्ट्रेट’, म्हणजे संकटाची सामुद्रधुनी म्हणतात. १८१२ मध्ये तर कॅलिफोर्नियात फोर्ट रॉस हे ठाणं उभं राहिलं, आणि कोडियाकचे शिकारी आपल्या कयाक घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पाणमांजरं मारू लागले.

१८२१ च्या सनदेत तर नियमच झाला: अठरा ते पन्नास वयाच्या निम्म्या पुरुषांना कंपनी कामाला लावू शकते. उन्हाळा म्हणजे घरासाठी मासे वाळवायचा, सील मारायचा, हिवाळ्याची बेगमी करायचा काळ. त्याच काळात हातीपायी धड पुरुष कंपनीच्या शिकारीवर. मागे उरलेल्या बायका कंपनीसाठी अंगरखे शिवणार, बेरी गोळा करणार. शिवाय देवीची साथ आणि इतर नवे रोग. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच उनांगान लोकसंख्या पार खचली.

त्या काळात होडीही बदलली. दोन भोकांची झाली, मग तीन भोकांची. पुढे आणि मागे वल्हवणारे दोघे, आणि मधल्या भोकात कंपनीचा अधिकारी किंवा पाद्री. तो वल्हवत नसे. आज लॉजवर दोघांची कयाक मिळते तेव्हा तिच्यामागे हा मधल्या भोकातला पाहुणाही असतो, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुंबईहून

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

१७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर नुटका साउंडला थांबली होती. खलाशांनी थंडीत पांघरायला म्हणून किरकोळ वस्तूंच्या बदल्यात पाणमांजराची कातडी घेतली. कुक पुढे हवाईत मारला गेला. जहाजं परतताना चीनमध्ये कँटनजवळ थांबली, तेव्हा त्या वापरून मळलेल्या कातड्यांना मिळालेला भाव पाहून खलाशी वेडे झाले. चांगल्या कातड्याला एकशेवीस डॉलर. परत अमेरिकेला जाऊन आणखी कातडी आणू द्या म्हणून जहाजावर जवळजवळ बंड झालं. १७८४ मध्ये या सफरीचा वृत्तांत लंडनमध्ये छापला गेला आणि ही बातमी जगभरच्या इंग्रज व्यापाऱ्यांपर्यंत पोचली. मुंबईतही.

मुंबईत डेव्हिड स्कॉट नावाचा बडा खाजगी व्यापारी होता. जेम्स स्ट्रेंज हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासकडचा नोकर. दोघांनी मिळून बेत आखला. १७८५ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून दोन जहाजं निघाली. एकाचं नाव ‘कॅप्टन कुक’, दुसऱ्याचं ‘एक्सपरिमेंट’. साल्बाईचा तह होऊन तीन वर्षं झाली होती, साष्टी इंग्रजांकडे गेली होती, आणि मुंबईचा व्यापारी पैसा नवीन वाटा शोधत होता. त्यातली एक वाट थेट पॅसिफिकच्या पलीकडे गेली. मुंबईच्या उकाड्यात कोणी अंगावर घालणार नाही असा फर, मुंबईत कोणी कधी न पाहिलेल्या प्राण्याचा, तो विकायचा चीनमध्ये.

सुमारे सहा महिन्यांनी, १७८६ च्या जूनच्या अखेरीस, जहाजं नुटकाला पोचली. सहाशेच्या आसपास कातडी मिळाली. तिथल्या लोकांची भाषा शिकावी आणि पुढच्या खेपेसाठी कातडी जमवावीत म्हणून स्ट्रेंजने जॉन मॅके नावाच्या माणसाला तिथे मुखिया माक्विनाच्या आश्रयाला ठेवलं. पुढच्या खेपेचं जहाज आलंच नाही. वर्षभराने दुसऱ्याच एका जहाजाने मॅकेला उचललं. स्ट्रेंज तिथून उत्तरेला प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गेला. ऐयालिक उपसागराच्या पूर्वेचा हा प्रदेश, सुगपियाकांचाच मुलूख. पण हंगाम सरत आला होता. कातडी शेवटी चीनमध्ये विकली गेली तेव्हा हाती आलेल्या पैशात सफरीचा खर्चही भरून निघाला नाही.

मुंबईची ही मोहीम फसली, आणि म्हणूनच ती बहुतेकांच्या लक्षात नाही. पण त्या काही वर्षांत मकाव, कलकत्ता, लंडन, बॉस्टन अशी कुठून कुठून जहाजं याच किनाऱ्याकडे धावत होती. दीड-दोन किलो वजनाच्या एका कातड्यासाठी अर्ध्या जगातलं भांडवल हललं होतं. अलास्काच्या पाणमांजराचा इतिहास म्हणजे दूरच्या बर्फातली रशियनांची गोष्ट, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही, ते एवढ्यासाठी.

उरले दोन हजार

१८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकलं. सौदा करणारा परराष्ट्रमंत्री स्युअर्ड, ज्याच्या नावाच्या गावातून लॉजची बोट सुटते. मालक बदलला, शिकार थांबली नाही. उलट बंदुका आल्या. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी फर सीलच्या रक्षणाचा करार केला आणि त्यात पाणमांजरालाही संरक्षण दिलं. तोवर संपूर्ण पॅसिफिकमध्ये एक-दोन हजार पाणमांजरं उरली होती, तेरा छोट्या टोळक्यांत विखुरलेली.

शिकार थांबल्यावर ती हळूहळू वाढली. अल्यूशनमधल्या अमचिट्का बेटाभोवती तर दाटी झाली. आणि नेमकं तेच बेट अमेरिकेने भूमिगत अणुचाचण्यांसाठी निवडलं. १९६५, १९६९ आणि १९७१ अशा तीन चाचण्या झाल्या. शेवटची सुमारे पाच मेगाटनची, अमेरिकेने जमिनीखाली केलेली सर्वांत मोठी. तिच्या धक्क्याने शेकडो पाणमांजरं मेली. पण याच चाचण्यांच्या निमित्ताने बेटावरची कित्येक पाणमांजरं आधीच पकडून आग्नेय अलास्का, ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर सोडली गेली. जिथून ती नामशेष झाली होती तिथे आज त्यांची वंशावळ वाढली आहे.

अमचिट्कावरच जेम्स एस्टीस या तरुण संशोधकाला एक गोष्ट दिसली. पाणमांजर असलेल्या बेटांभोवती केल्पची घनदाट जंगलं होती. पाणमांजर नसलेल्या बेटांभोवती समुद्रतळ उजाड, आणि त्यावर काटेरी गोळ्यांसारखे सी अर्चिन पसरलेले. अर्चिन केल्प खातात, पाणमांजर अर्चिन खातं. पाणमांजराला ऊब टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा खावं लागतं, म्हणून ते अर्चिनचा फडशा पाडतं. १९७४ मध्ये एस्टीस आणि त्याचे सहकारी पाल्मिसानो यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या व्यापाराने एक प्राणीच संपत आणला नव्हता. किनाऱ्या-किनाऱ्याने पाण्याखालची जंगलं आणि त्यांत वाढणारे मासेही त्यासोबत उजाड झाले असणार.

२४ मार्च १९८९ ला ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ब्लाय रीफ या खडकावर आदळलं. सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन कच्चं तेल सांडलं. ज्याच्यापाशी केसांशिवाय दुसरं काही नाही त्या प्राण्याच्या केसांत तेल शिरलं की आत थंड पाणी जातं. हजारभर पाणमांजरं मेलेली सापडली. प्रत्यक्षात मेलेली याच्या कितीतरी पट. ज्या खडकाने हे केलं त्याचं नाव कुकच्याच सफरीतल्या विल्यम ब्लाय या अधिकाऱ्याचं. तिथली पाणमांजरं सावरायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

होडी हरवते आणि सापडते

पाणमांजर सावरत असताना होडी मात्र विस्मरणात चालली होती. लाकडी होड्या आणि इंजिन आली, शिकार बंद झाली, मुलांना शाळेत इंग्रजी सक्तीची झाली. १९४२ मध्ये जपानने अट्टू बेट घेतलं आणि तिथल्या गावकऱ्यांना होक्काइडोला नेलं. त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच मेले. अमेरिकेने उरलेल्या गावांतल्या ८८१ उनांगानांना ‘सुरक्षिततेसाठी’ उचलून आग्नेय अलास्कातल्या ओस कारखान्यांत कोंबलं. तिथेही म्हातारी आणि तान्ही मुलं गेली. म्हातारी गेली म्हणजे होडी कशी बांधायची हे जाणणारेही गेले.

त्याच काळात दुसरीकडे कयाक युरोपात छंदाची वस्तू झाली होती. १९०७ पासून योहान क्लेपर या जर्मन शिंप्याने घडी घालून रेल्वेत नेता येईल अशी कापडी कयाक विकायला सुरुवात केली. पुढे फायबरग्लास, मग प्लॅस्टिक. आज जगभर सुट्टीत लोक वल्हवतात ती होडी या मार्गाने आली. ज्यांनी ती शोधली त्यांच्या हातून ती सुटत असतानाच ती बाकीच्या जगाच्या हाती आली.

सुदैवाने गोष्ट तिथे संपली नाही. संग्रहालयांतल्या जुन्या होड्यांची मापं घेऊन, उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना विचारून, १९८० च्या दशकापासून अलास्कातल्या गावांत आणि शाळांत मुलं पुन्हा सांगाडे बांधू लागली. सी लायनच्या कातड्याऐवजी बहुधा नायलॉनचं कापड. पण माप अजून बसणाऱ्याच्या अंगाचं. कोडियाकमध्ये १९९५ पासून सुगपियाकांचं स्वतःचं संग्रहालय आहे.

शंभर यार्ड

पुन्हा ऐयालिककडे येऊ. या किनाऱ्यावर एकेकाळी सुगपियाक लोकांची गावं होती. ती एकोणिसाव्या शतकात उठून पश्चिमेला गेली. आजच्या नानवालेक आणि पोर्ट ग्रॅहम गावांतले लोक त्यांचे वारस. १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या मूळ रहिवाशांना काही जमीन त्यांच्या कॉर्पोरेशनच्या नावे परत मिळाली. १९८० मध्ये भोवतालचा प्रदेश कीनाय फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यान झाला. आणि ज्या जमिनीवर ते लॉज उभं आहे, ती पोर्ट ग्रॅहमच्या कॉर्पोरेशनची आहे. पाहुणा ज्या किनाऱ्यावर गमबूट चढवतो, तो किनारा पुन्हा कोणाचा तरी आहे. यामुळे मागचं काही भरून निघत नाही. पण नकाशावर निर्मनुष्य दिसणारी जागा निर्मनुष्य नव्हती, एवढं तरी त्यातून कळतं.

१९७२ च्या अमेरिकन कायद्याने समुद्री सस्तन प्राण्यांना मारणं बंद झालं. किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी मात्र आजही पोटापुरती आणि हस्तकलेपुरती पाणमांजराची शिकार करू शकतात. काही पर्यटकांना हे ऐकून धक्का बसतो. त्यांना एवढंच आठवून द्यावं की हजारो वर्षं शिकार करूनही या लोकांच्या समुद्रात पाणमांजर होतं. ते संपत आलं ते कातड्याला बाजार लाभल्यावर, आणि तेव्हा या लोकांच्या मानेवर ओलिसांचं ओझं होतं.

कयाकने जाणाऱ्या पाहुण्यांना गाइड एक नियम सांगतात: समुद्री प्राण्यापासून शंभर यार्ड लांब राहायचं. अनेकांना वाटतं, आमच्याकडे इंजिन नाही, आवाज नाही, आमचा कसला त्रास? पण बर्फावर पिल्लांसह पडलेले सील कयाकला बिचकून पाण्यात उड्या टाकतात, आणि पिल्लू गारठतं, आईपासून तुटतं. मोटारबोट लांबूनच ऐकू येते. कयाक एकदम समोर येते. पाण्याशी समांतर, खालून सरकत येणारा आकार. ही होडी नेमकी त्यासाठीच तर बनली होती.

हल्ली कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमध्येही कयाक मिळते. तिवरांच्या कडेने वल्हवताना, विशेषतः पहाटे, कधी कधी आपलं पाणमांजर दिसतं. ते खाडीत आणि नदीत राहणारं, वेगळ्या जातीचं, पण त्याच कुळातलं. दिसलं की हात आपोआप फोनकडे जातो आणि होडी आपोआप जवळ सरकते. तेव्हा वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं ठेवा आणि थांबा. ते बुडी मारेल. ते कुठे वर येईल याचा अंदाज बांधून तिकडे वळू नका. रिंगण असंच सुरू व्हायचं.